बटाट्याचा कुगेल: वर कुरकुरीत, आत मऊ कसा जमेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीकडे न्यू जर्सीला असताना शेजारच्या ज्यू कुटुंबाने शुक्रवारी रात्री जेवायला बोलावलं, तिथे बटाट्याचा कुगेल (कच्चा बटाटा किसून, अंडी घालून ओव्हनमध्ये भाजलेली जाड वडी) खाल्ला आणि तो फार आवडला. पुण्यात परतल्यावर ओटीजीमध्ये करून पाहिला, पण रंग राखाडी आला, मधला भाग चिकट लगदा राहिला आणि वर कुरकुरीत पापुद्रा धरलाच नाही. शिवाय अंडं टाळता येईल का आणि वरून चीज किसून घातलं तर चालेल का, हेही तुम्ही विचारलंय.

मी इस्रायलमध्ये लोदला राहते. आमचं घर बेने इस्रायली, आईवडील अलिबागकडचे. शब्बाथचं (ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचं) जेवण शुक्रवार दुपारपर्यंत तयार करून विकणाऱ्या एका स्वयंपाकघरात मी काम करते आणि कुगेलचे ट्रे माझ्याकडे असतात. एक गोष्ट आधीच सांगते, कारण मराठी लोकांचा गोंधळ होतो: कुगेल हा आम्हा कोकणातल्या ज्यूंचा पदार्थ नाही. आमच्याकडे शुक्रवारी रात्री नारळाच्या रसातलं मासळीचं कालवण आणि भात, आणि शुभकार्याला मलिदा. कुगेल पोलंड, लिथुआनिया, युक्रेन, हंगेरी या भागातल्या अश्केनाझी ज्यूंचा. मी तो त्यांच्याच घरच्या बायकांच्या हाताखाली शिकले.

आता मुद्द्यावर. चिकट लगदा आणि न धरलेला पापुद्रा या दोन तक्रारींचं मूळ बटाट्यातलं पाणी आणि कमी पडलेली उष्णता यांत आहे; राखाडी रंगाचं पुढे सांगते. मसाला, अंडी, वेळ हे सगळं नंतरचं. पाणी काढून टाकायचं, स्टार्च मात्र ठेवायचा, आणि मिश्रण कडकडीत तापलेल्या तेलात ओतायचं. एवढं सांभाळलं की बाकी कुगेल स्वतःच होतो.

आपल्याकडे उपासाचा बटाट्याचा कीस करतो तेव्हा किसलेला बटाटा पाण्यात दोनदा धुतो, म्हणजे कीस मोकळा होतो. कुगेलमध्ये नेमकं उलटं करायचं. कीस मोकळा नको, एकमेकांना धरून राहायला हवा, वडी कापता आली पाहिजे. म्हणून कीस धुवायचा नाही, फक्त पिळायचा. बटाटा कच्चाच किसायचा. उकडलेला बटाटा कुस्करून भाजला तर तो चांगला लागेलही, पण कुगेल होणार नाही.

बटाटा कोणता घ्यायचा यावर निम्मं काम अवलंबून आहे. पातळ सालीचा, नवा, कापल्यावर चाकू ओला होणारा बटाटा रस्साभाजीला छान, इथे नको. वेफर्सवाले जो घेतात तो शोधा. कुफ्री चिपसोना ही जात त्यासाठीच काढलेली आहे, तिच्यात पाणी कमी आणि स्टार्च जास्त. बाजारात नेहमी मिळणारा कुफ्री ज्योती मध्यम, चालतो, फक्त जरा जास्त पिळावा लागतो. मंडईत जातीचं नाव कुणी सांगेलच असं नाही. सरळ ‘वेफर्सचा बटाटा द्या’ म्हणा. घरी तपासायचं असेल तर बटाटा मधोमध कापा आणि दोन्ही फोडी एकमेकींवर घासा. कडेला पांढरा फेस जमला आणि फोडी चिकटल्यासारख्या झाल्या तर बटाटा कामाचा. नुसतं पाणी सुटलं तर तो भाजीत घाला. शीतगृहातून नुकताच आलेला गोडसर बटाटाही टाळा. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, मग कुगेल वरून झपाट्याने काळपट होतो आणि आत कच्चा राहतो. असा बटाटा घरात आठ-दहा दिवस फ्रीजबाहेर, अंधारात ठेवला तर बराच सुधारतो. बटाटे फ्रीजमध्ये ठेवायची सवय असेल तर ती मात्र सोडा.

राखाडी रंग किसण्याच्या वेळी येतो, भाजताना नाही. बटाट्याच्या पेशी फुटल्या की त्यातलं एन्झाइम हवेच्या संपर्कात येतं, कीस आधी गुलाबीसर, मग तांबूस आणि शेवटी राखाडी होतो. दहा मिनिटं पुरतात. म्हणून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे: ओव्हन तापलेला, टिनात तेल ओतलेलं, अंडी फेटलेली, मीठ-मिरी मोजलेली, आणि मग शेवटी बटाट्याला हात. सोललेले बटाटे बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवायचे. आधी कांदा किसून भांड्याच्या तळाशी घालायचा, त्यावर बटाटा किसायचा आणि मधूनमधून कालवत राहायचं. कांद्यातल्या गंधकयुक्त घटकांमुळे काळं पडणं मंदावतं. कांदा केवळ चवीला घालतात असं समजून शेवटी घालणारे पुष्कळ भेटतात; त्यांचा कुगेल नेहमी एक छटा मळकट असतो.

किसणी कुठली? इथे घराघरांत वाद आहेत. बारीक भोकांच्या किसणीने केलेला कुगेल घट्ट, एकजीव, लोण्यासारखा कापला जाणारा होतो. जाड किसणीने केलेल्यात बटाट्याच्या काड्या दाताखाली येतात आणि कडा जास्त कुरकुरीत होतात. मला विचाराल तर दोन तृतीयांश बारीक आणि एक तृतीयांश जाड. बारीक कीस बांधून ठेवतो, जाड कीस आत थोडी हवा राखतो. मिक्सरच्या भांड्यात बटाटा फिरवू नका. पाती फार वेगाने फिरतात, पेशींचा चेंदामेंदा होतो, भसाभसा पाणी सुटतं आणि जो चिकट लगदा तुम्हाला मिळाला तो बहुधा तिथूनच आला असावा. फूड प्रोसेसरची किसायची चकती चालेल.

आता पिळणं. कीस मलमलच्या फडक्यात घालून एका काचेच्या किंवा स्टीलच्या पातेल्यावर घट्ट पिळा. एक किलो बटाट्यातून सहज वाटीभर, कधी दीड वाटी पाणी निघतं. हे पाणी फेकू नका. पाच मिनिटं तसंच ठेवा. वर तांबूस पाणी दिसेल, ते अलगद ओतून द्या. तळाशी पांढराशुभ्र, बोट लावलं तर घट्ट आणि सोडलं तर वाहणारा साका उरलेला असेल. हाच बटाट्याचा स्टार्च. तो बोटांनी खरवडून परत किसात मिसळायचा. यामुळेच मैदा, रवा, ब्रेडचा चुरा यांची गरज उरत नाही. ज्या कुगेलमध्ये पीठ लागतं, त्यात हा साका मोरीत गेलेला असतो. आणि फार कोरडंही पिळू नका, थोडा ओलावा राहिला पाहिजे, नाहीतर आतला भाग घशात अडकतो.

घरगुती ओटीजीसाठी माप सांगते. आठ इंची चौकोनी टिन, साधारण दोन इंच खोल. बटाटे सोलून एक किलो, मोठा कांदा एक (दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम), अंडी चार, तेल 80 मिली, मीठ दोन सपाट चहाचे चमचे म्हणजे 10 ते 11 ग्रॅम, ताजी कुटलेली काळी मिरी पाऊण चमचा. एवढंच. मीठ जास्त वाटेल, पण बटाटा मीठ खातो, अळणी कुगेल कशानेही सुधारत नाही. मिरीचं प्रमाण घराण्यावर ठरतं. लिथुआनियाकडचे ज्यू तिखटावर, मिरीवर जोर देतात. पोलंडच्या दक्षिणेकडच्या, गॅलिशियाकडच्या घरांमध्ये जेवणात गोडाकडे कल. त्या भागातून आलेल्या काही जणी चिमूटभर साखरही घालतात. हळद, जिरं, हिरवी मिरची यांचा मोह होईल. घालायचं तर घाला, चांगलं लागेल, पण आधी एकदा साधा करून त्याची मूळ चव ओळखीची करून घ्या.

अंडी फोडताना आमच्याकडे प्रत्येक अंडं आधी काचेच्या पेल्यात फोडून बघतात आणि मगच मोठ्या भांड्यात घालतात. रक्ताचा ठिपका दिसला तर ते अंडं बाद, कारण कोशेरमध्ये, म्हणजे ज्यू धर्माच्या खाण्याच्या नियमांत, रक्त निषिद्ध आहे. धर्माचा भाग बाजूला ठेवला तरी ही सवय चांगली. एका नासक्या अंड्याने बाकीची तीन वाया जात नाहीत. अंडी मीठ-मिरी घालून फेसाळ होईपर्यंत फेटा, मग किसात मिसळा.

सगळ्यात महत्त्वाची पायरी तेलाची. ओटीजी 220 अंशांवर, वरखाली दोन्ही रॉड लावून पूर्ण तापू द्या. दिवा विझला म्हणजे तापला असं नव्हे, त्यानंतरही दहा मिनिटं द्या. टिनात सगळं तेल ओतून तो टिन आत ठेवा. आठ-दहा मिनिटांनी तेल पातळ होऊन पृष्ठभागावर लहरी दिसतील. धूर निघू देऊ नका. किसाचा एक कण टाकून बघा, लगेच चुरचुरला पाहिजे. टिन बाहेर काढा, पाव भाग तेल मोठ्या चमच्याने किसावर ओता आणि भराभर कालवा, मग सगळं मिश्रण टिनात घाला. कडेने तेल उसळून वर येतं, मिश्रणाभोवती सोनेरी झालर धरते, चर्र आवाज होतो. हा आवाज आला नाही तर तेल कमी तापलंय. वर आलेलं तेल चमच्याने पृष्ठभागावर पसरवा. चेहरा लांब ठेवा, पूर्ण बाह्यांचा कपडा घाला, आणि मुलांना त्या वेळी ओट्याजवळ येऊ देऊ नका.

इथेच काचेच्या भांड्याबद्दल बजावून सांगते. तापलेल्या काचेच्या बेकिंग डिशमध्ये बर्फाच्या पाण्यातून आलेला गार कीस पडला तर डिश तडकू शकते, आणि त्यात कडकडीत तेल असतं. या पद्धतीला जाड अॅल्युमिनियमचा केकचा टिन किंवा बिडाची कढई वापरा. बिडाची कढई ओटीजीत मावत असेल तर उत्तमच. तळाचा पापुद्रा तिच्यासारखा कशातच होत नाही.

पहिली 20 मिनिटं 220 वर, मग 180 वर आणून आणखी 50 ते 60 मिनिटं. टिन खालून दुसऱ्या खाचेत ठेवा. घरगुती ओटीजी लहान असतात, वरचा रॉड फार जवळ येतो, म्हणून वरचा भाग लवकर रंगतो. फसू नका. तो रंग बघून अर्ध्या तासात बाहेर काढला की मधला भाग लगदाच निघणार. वरून फार लाल होत असेल तर फॉइल सैल अंथरा आणि शेवटच्या दहा मिनिटांत ते काढा. झाला कसा ओळखायचा? कडा गडद तपकिरी होऊन टिनापासून सुटलेल्या दिसतात, मधोमध सुरी घातली तर अडथळा न होता जाते आणि कच्च्या बटाट्याचा वास पूर्ण जातो. फिकट सोनेरी रंगावर समाधान मानू नका. कुगेल चांगला तपकिरीच हवा.

बाहेर काढल्यावर 20 मिनिटं थांबा. गरमागरम कापला तर विस्कटतो आणि आत चिकट वाटतो. स्टार्च निवताना धरतो, आणि मगच स्वच्छ वड्या पडतात.

आता चीज. चवीपुरतं विचारत असाल तर तुमच्या घरात तुमची मर्जी, पण पारंपरिक कुगेलमध्ये दूध, लोणी, चीज का नसतं ते सांगते, म्हणजे पदार्थ नीट समजेल. कोशेर स्वयंपाकात मांस आणि दूध एका जेवणात येत नाहीत. शब्बाथच्या जेवणात बहुधा कोंबडी किंवा मांस असतं, म्हणून त्याबरोबरच्या कुगेलला दुधाचा स्पर्श चालत नाही. तेलात केलेला कुगेल दोन्ही बाजूंना चालतो, त्याला पारवे म्हणतात. इंटरनेटवर तुम्हाला दूध आणि डुकराचं बेकन घातलेली अगदी अशीच पाककृती सापडेल. ती लिथुआनियाची कुगेलिस, शेजारच्या ख्रिस्ती घरांतली. पदार्थ सख्खा, पण ज्यू घरातला नाही.

स्निग्ध पदार्थ कोणता, हा पूर्व युरोपात मोठाच प्रश्न होता. आमच्या कोकणात तो कधी नव्हता. आमचे पूर्वज स्वतःच तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हणून ओळखले जात. तिकडे थंडीच्या मुलखात वनस्पती तेल महाग, डुकराची चरबी निषिद्ध, लोणी मांसाबरोबर वर्ज्य. उरली हंसाची आणि कोंबडीची चरबी. तिला श्माल्ट्स म्हणतात. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पूर्व युरोपात 19व्या शतकात तो गरिबांचं मुख्य अन्न झाला. त्याआधी कुगेल पाव किंवा पिठाचा असे. आठवडाभर उकडलेला बटाटा खाणाऱ्या घरात शब्बाथला तोच बटाटा, पण चरबीत, अंड्यात, तासभर भाजून आलेला, म्हणजे खरी मेजवानी होती. ही चव तुम्हाला हवी असेल तर चिकनच्या दुकानातून पाव किलो चरबी आणि कातडी मागून आणा. बारीक कापून, दोन चमचे पाणी घालून, अगदी मंद आचेवर ठेवा. पाणी आटलं की चिरलेला कांदा घाला. कांदा तांबूस झाला की गाळून घ्या. वर उरलेले कुरकुरीत तुकडे मिठाबरोबर खायचे किंवा कुगेलमध्येच घालायचे. गाळलेली चरबी निम्मी आणि तेल निम्मं, हे प्रमाण मला सर्वांत आवडतं. फक्त मग तो कुगेल मांसाहारी झाला, त्याबरोबर दही किंवा सावर क्रीम कोशेर घरात देत नाहीत.

शब्बाथ लक्षात घेतला की या पदार्थाची घडणही कळते. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी मेणबत्त्या लावतात, आणि तिथपासून शनिवारी तारे दिसेपर्यंत विस्तव पेटवणं आणि स्वयंपाक करणं बंद. जे खायचं ते आधी शिजलेलं हवं आणि तासन्‌तास तापलेलं राहून बिघडायला नको. पूर्वी पूर्व युरोपातल्या गावांत शुक्रवारी दुपारी घरोघरची भांडी गावच्या भटारखान्यात नेऊन ठेवत आणि शनिवारी दुपारी आणत. यातूनच रात्रभर ठेवलेला कुगेल आला. तुम्हालाही करता येईल: वरच्याप्रमाणे तासभर भाजा, मग कडेकडेने अर्धी वाटी उकळतं पाणी सोडा, दुहेरी फॉइलने टिन घट्ट बंद करा आणि 100 अंशांवर आठ-दहा तास ठेवा. कवच मऊ पडतं, पण आतून तो चॉकलेटी रंगाचा, गोडसर, खमंग होतो. साध्या कुगेलशी त्याची तुलनाच नको, वेगळाच पदार्थ. मध्ये मांसाचा थर दिला की त्याला यापचिक म्हणतात. एक सूचना: ओटीजीचा टायमर इतका वेळ चालत नाही. तो सतत चालू ठेवायची सोय असेल, वायरिंग भक्कम असेल आणि कुणी घरात जागं असेल तरच हा घाट घाला. दिवसा करा, तेच बरं.

अंड्याचं शेवटी ठेवलं, कारण त्याला सरळ उत्तर नाही. अंड्याशिवाय बटाट्याची खमंग भाजलेली वडी नक्की होते, पण आतला मऊ, फुललेला पोत येत नाही. तरी करायचीच असेल तर एक पाव कीस बाजूला काढा, अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर सतत हलवत घट्ट खळ करा आणि निवल्यावर ती बाकी किसात मिसळा. वर साका तर आहेच, त्यात आणखी दोन मोठे चमचे बटाट्याचा स्टार्च घाला. टिन मोठा घ्या, थर एक इंचाहून जाड नको, आणि वेळ दहा मिनिटं कमी. तांदळाचं पीठ किंवा बेसनही धरून ठेवतं, पण बेसनाची चव लगेच पुढे येते. पेसाख या ज्यूंच्या वसंतातल्या सणात अश्केनाझी घरांत फुगणारं धान्य, पाव, इतकंच काय तांदूळ-डाळीही चालत नाहीत. त्या दिवसांत बटाटा, अंडी आणि बटाट्याचा स्टार्च यांवरच स्वयंपाक उभा असतो, म्हणून पीठ न घालता कुगेल बांधायची सवय त्या घरांतल्या हातांना पक्की असते.

उरलेला कुगेल फ्रीजमध्ये तीन दिवस चांगला राहतो. मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका, पापुद्रा चामड्यासारखा होतो. अर्धा इंच जाडीचे काप करून लोखंडी तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी लाल होऊ द्या. फ्रीझरमध्ये ठेवायचा असेल तर पूर्ण भाजून, निववून, कापून ठेवा आणि खाताना न वितळवता सरळ 200 अंशांवर 20 मिनिटं तापवा. कच्चं मिश्रण मात्र कधीही साठवू नका, ते पाणी सोडतं आणि काळं पडतं.